मायना, मजकूर आणि सही : हस्तलिखित पत्राची टिकून राहिलेली गोडी

दळणवळणाची साधने जसजशी वेगवान होत गेली, तसतसे पत्रलेखन मागे पडत गेले, हा आपणां सर्वांच्याच अनुभवाचा भाग आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. डेन्मार्कसारख्या प्रगत देशाच्या टपालसेवेने तर २०२५ च्या अखेरीस पत्रे वाटण्याचे कामच थांबविले. असे असूनही कागदाच्या चांगल्या दुकानांत हातकागदाची पाकिटे, रंगीत पत्रकागद आणि कोरी शुभेच्छापत्रे ठेवलेली दिसतात आणि ती विकतही जातात. घराची आवराआवर करताना जुनी वर्तमानपत्रे व बिले आपण निःशंकपणे रद्दीत घालतो. मात्र पत्रांचा गठ्ठा हाती लागला की तो पुन्हा ट्रंकेत ठेवला जातो. ज्या वस्तूचा व्यवहारातील उपयोग संपला, तिच्याविषयीची ही ओढ कशामुळे टिकली असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

या विचाराला आपल्या शाळेपुरता आणखी एक पदर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अक्षरओळख होऊन दोन-तीन पिढ्याच झाल्या आहेत. ज्यांच्या पूर्वजांना लेखणीपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्यांच्या घरातील पहिले पत्र हा केवळ निरोप नसतो. त्या घराच्या इतिहासाचा तो पहिला लेखी पुरावा असतो.

कागदाची जात

सुबक पत्राचा विचार कागदापासून सुरू होतो. कागद बनविण्याची कला चीनमध्ये उदयास आली आणि तेथून ती पूर्वेकडे नेण्यात बौद्ध भिक्खूंचा वाटा होता. कोरियातून आलेल्या दोन्चो नावाच्या भिक्खूने इ. स. ६१० मध्ये कागद व शाई बनविण्याचे ज्ञान जपानमध्ये आणले, अशी नोंद जपानच्या प्राचीन इतिवृत्तात आढळते. त्याच जपानमध्ये आजही नववर्षाची शुभेच्छापत्रे आधी टपालात टाकली जातात, टपालखाते ती सांभाळून ठेवते आणि १ जानेवारीच्या सकाळी घरोघरी पोहोचविते. तेथेही ओहोटी लागली आहे. २००४ च्या नववर्षासाठी अशी सुमारे ४४६ कोटी पत्रे छापली गेली होती. २०२५ साठी ती संख्या सुमारे १०७ कोटींवर आली. ओहोटीनंतरचाही हा आकडा लहान म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही हातकागदाची जुनी केंद्रे. जुन्नरी, दौलताबादी अशी कागदाची नावेच गावांवरून पडली होती. अशा कागदावर बोरूने लिहिलेली मोडी लिपीतील पत्रे आज दफ्तरखान्यांत अभ्यासकांना वाचावयास मिळतात. गिरण्यांच्या कागदापुढे हा व्यवसाय मंदावला. पुढे महात्मा गांधींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून प्रेरणा घेऊन के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू केली आणि या कलेला नवा आधार मिळाला.

हातकागदाची कृती थोडक्यात अशी. सुती कापडाच्या चिंध्या बारीक कापून, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. हा लगदा पाण्याच्या टाकीत सोडून, चौकटीला बसविलेली जाळी त्यात बुडवून सपाट वर उचलतात. पाणी निथळते आणि तंतूंचा पातळ थर जाळीवर उरतो. तो कापडावर उलटवून, दाबून, वाळवितात. त्यानंतर खळ देतात, म्हणजे शाई फुटत नाही. आणि शेवटी कागद घोटून गुळगुळीत करतात. कागदाच्या कडा कापल्या नाहीत तर त्या किंचित दातेरी राहतात. आज महागड्या निमंत्रणपत्रिकांवर मुद्दाम राखलेल्या अशा कडा दिसतात, त्यांचे मूळ हे असे आहे.

सुती कागद टिकतो, त्याचेही कारण आहे. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन हे द्रव्य पुरेसे काढून टाकलेले नसेल, तर उजेड व हवा लागून कागद पिवळा पडतो. आम्लाचा अंश असेल तर तो ठिसूळ होऊन घडीवर तुटतो. कापसाच्या तंतूत लिग्निन जवळजवळ नसतेच आणि तंतूही लांब असतात. म्हणून तीनशे वर्षांपूर्वीचे एखादे मोडी पत्र हातात घेता येते, आणि चाळीस वर्षांपूर्वीचे स्वस्त वर्तमानपत्र मात्र घडी उलगडताना तुकडे होऊन खाली पडते.

छापील शुभेच्छापत्र आणि पाव आण्याचे कार्ड

छापील शुभेच्छापत्राचा जन्म सवडीच्या अभावातून झाला, हे समजल्यावर वाचकांना गंमत वाटेल. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र कोठेही पाठविण्याची सोय झाली आणि पत्रांचा पूर आला. त्या सुधारणेच्या कामात ज्यांचा हातभार होता, त्या हेन्री कोल यांनाच नाताळच्या पत्रांना उत्तरे देणे अशक्य झाले. म्हणून १८४३ मध्ये त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या आणि नावापुरती जागा कोरी ठेवली. शुभेच्छापत्राचा पुढचा सारा व्यवसाय येथून वाढला. तेव्हा छापील कार्डावर खालती नुसते नाव लिहून ते पाठविणे, हा श्रम वाचविण्याचाच उपाय होता. त्या कार्डाला मोल येते ते कोऱ्या जागेत हाताने लिहिलेल्या दोन ओळींमुळे, हे ज्यांनी अशी कार्डे जपून ठेवली आहेत, त्यांना वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे मात्र पत्र घरोघरी पोहोचविले ते पोस्टकार्डाने. १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालेले हे साधन १ जुलै १८७९ रोजी भारतात आले. किंमत पाव आणा. तेवढ्या पैशांत देशाच्या एका टोकाचा मनुष्य दुसऱ्या टोकाशी बोलू लागला. स्वातंत्र्यानंतर आंतरदेशीय पत्र आले आणि कमी पैशांत झाकलेला मजकूर पाठविण्याची सोय झाली. पोस्टकार्डाची किंमत गेली अनेक वर्षे ५० पैसे आहे.

या साध्या कार्डाने आपली एक लिपीच तयार केली होती. विवाहाच्या पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लागलेले असे. निधनाची वार्ता सांगणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही पोस्टमनच्या हातातील कार्ड पाहून कळत असे की काय घडले आहे. असे कार्ड बहुधा घरात ठेवीत नसत.

मायना : अभिवादनाचा इतिहास

मराठी पत्राचे पहिले अंग म्हणजे मायना. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, नात्याबाहेरील आदरणीयांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, त्यानंतर ‘शिरसाष्टांग नमस्कार’ किंवा ‘अनेक आशीर्वाद’, मग ‘वि. वि.’ लिहून मजकुरास आरंभ आणि शेवटी ‘लोभ असावा, ही विनंती’. राहून गेलेले सारे ‘ता. क.’ मध्ये. शाळेत हे सारे आम्ही गुणांसाठी पाठ केले. त्यामागील अर्थ पुष्कळ उशिरा उलगडला. मायना लिहिताना लिहिणाऱ्याला क्षणभर थांबून ठरवावे लागते की समोरचा आपला कोण आहे आणि आपण त्याचे कोण आहोत.

म्हणूनच मायना हा सत्तेचाही आरसा होता. जुन्या समाजव्यवस्थेत कोणी कोणाला कोणत्या शब्दांनी वंदावे, हे जातीवर ठरत असे. अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या वाट्याला ‘जोहार’ आला होता. अभिवादन बदलणे ही त्यामुळे शिष्टाचारातील किरकोळ दुरुस्ती नव्हती.

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ या वर्षांतील तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. पतीला लिहिताना रूढ मायना बाजूला ठेवून त्यांनी जोतीरावांना ‘सत्यरूप’ म्हटले आहे. एका शब्दाच्या बदलाने पत्नीने पतीकडे पाहण्याची दृष्टीच बदललेली दिसते. पत्रांतील मजकूरही तसाच आहे. पहिल्यात माहेरी आजारपणात असताना भावाशी झालेला वाद आहे. दुसऱ्यात ब्राह्मण तरुण व महार मुलगी यांचे प्राण गावकऱ्यांच्या रोषातून वाचविल्याची हकिगत आहे. तिसरे पत्र दुष्काळात जुन्नर भागातील ओतूरहून लिहिले आहे. घरगुती म्हणून लिहिलेला हा मजकूर आज महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे साधन ठरला आहे.

पुढे कामठीचे बाबू हरदास यांच्या नावाशी जोडले गेलेले ‘जय भीम’ हे अभिवादन पत्रांतही उतरले. आपल्या घरांतील जुनी पत्रे वर्षांच्या क्रमाने लावून पाहावीत. शिरोभागी एके काळी ‘श्री’ असतो. मग तेथे ‘जय भीम’ येते. १९५६ नंतरच्या पत्रांत कोठे ‘नमो बुद्धाय’ही दिसते. मजकूर तोच असतो : पाऊस, पेरणी, आजारपण, मनिऑर्डर पोहोचल्याची पावती. मात्र वरच्या दोन शब्दांत एका समाजाने घेतलेला निर्णय नोंदविलेला असतो. ‘सप्रेम जय भीम’ लिहिणाऱ्या साध्या शेतमजुराने आपली ओळख स्वतः निवडली होती आणि ती स्वतःच्या हाताने कागदावर मांडली होती.

सकाळी उठून तीनशे जणांना एकदम पाठविलेल्या फुलांच्या चित्राला मायना नसतो. ते कोणासाठीच लिहिलेले नसल्याने कोणाचेच होत नाही.

मजकूर : हात, मन आणि संकोच

हाताने लिहिताना काय घडते, याचा अभ्यास नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांनी केला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३६ विद्यार्थ्यांना तेच शब्द एकदा पडद्यावर डिजिटल लेखणीने लिहावयास आणि एकदा कळफलकावर टंकावयास सांगितले होते. हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील परस्परसंबंध अधिक व्यापक असल्याचे आढळले. प्रत्येक अक्षराचे वळण बोटांना निराळे घडवावे लागते. कळ दाबताना मात्र ‘क’ काय आणि ‘ज्ञ’ काय, बोटाची हालचाल जवळपास सारखीच. येथे लेखणी डिजिटल होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गुण कागदाइतकाच हाताच्या हालचालीचा आहे.

मग पत्रे लिहिली का जात नाहीत? वेळ नाही, हे उत्तर सर्वांच्या ओठांवर असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन वेगळे कारण सुचविते. त्यांनी लोकांना आपल्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या व्यक्तीस कृतज्ञतेचे पत्र लिहावयास सांगितले, आणि ते वाचून त्या व्यक्तीला काय वाटेल, याचा अंदाजही विचारला. पत्र मिळालेल्यांना झालेला आनंद आणि आश्चर्य लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त होते. त्यांना वाटलेला अवघडलेपणा मात्र अंदाजापेक्षा कमी होता. लिहिणारा शब्द नेमके जमतील का, या काळजीत असतो. वाचणाऱ्याचे लक्ष शब्दांच्या नेमकेपणाहून त्यातील मायेकडे असते. हे संशोधन हस्ताक्षराविषयीचे नव्हे, संकोचाविषयीचे आहे. तथापि आपल्या जुन्या शिक्षकांना पत्र लिहावे असे मनात येऊनही वर्षानुवर्षे न लिहिणाऱ्या आम्हां साऱ्यांना ते लागू पडते.

हाताने लिहिण्याचे महत्त्व एका राष्ट्रानेही जाणले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेले संविधान तयार झाले, तेव्हा छपाईची सर्व साधने देशात उपलब्ध होती. तरीही त्याची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि नंदलाल बोस व शांतिनिकेतनातील त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पाने सजविली. रायजादा यांनी या कामाचे मानधन घेतले नाही. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली आणि तिच्यासाठीचा हातकागद पुण्यात तयार झाला होता. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी या हस्तलिखित प्रतींवर स्वाक्षऱ्या केल्या. सर्वांना समान मानणारा दस्तऐवज सुंदर अक्षरात, उत्तम कागदावर असावा, असे त्या पिढीला वाटले, यातच सुबक लेखनाचा सन्मान आहे.

स्वतः बाबासाहेबांना चांगल्या लेखण्यांची आवड होती, हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र साहित्याचा २१ वा खंड पत्रव्यवहाराचा आहे. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते व विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या तेथील कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली होती आणि ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. दोन खंडांतील दोन पीडित समाजांचा हा संवाद आज आपल्याला वाचता येतो, कारण कोणीतरी ते कागद फेकून दिले नाहीत.

सही : अंगठ्यापासून अक्षरापर्यंत

पत्राचे शेवटचे अंग म्हणजे सही. निवासी शाळेच्या जीवनात तिचे महत्त्व आम्हांला विशेष वाटते. मूल वसतिगृहात आले की घराशी जोडणारा धागा पूर्वी पत्राचाच असे. मूल लिही, ‘मी खुशाल आहे, काळजी करू नये.’ ते पत्र गावी पोहोचल्यावर पोस्टमन, गुरुजी किंवा शेजारचे शिकलेले पोर ते मोठ्याने वाचून दाखवी. आई ओसरीवर बसून ऐके आणि उत्तर सांगे. लिहिणारा कोणी दुसराच असे. मायना एकाचा, बोल दुसऱ्याचे आणि अखेरीस कधी कधी शाईचा अंगठा.

पुढे प्रौढ साक्षरता वर्गांत अनेक माता-पित्यांनी सर्वप्रथम जी अक्षरे गिरविली, ती स्वतःच्या नावाची होती. त्यामुळे कार्डाच्या तळाशी उमटलेली आईची वेडीवाकडी, ओळीबाहेर गेलेली सही ही सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरणार नाही. पण तिच्या लेकराला विचारले, तर जगातील सर्वांत सुंदर हस्ताक्षर ते तेच सांगेल. आवाज फोनवर ऐकता येतो, चेहरा पडद्यावर पाहता येतो. आईच्या हाताचा दाब मात्र कागदावरच उरतो, आणि माणूस गेल्यानंतरही उरतो.

आज वसतिगृहातील मुले घरच्यांशी ठरलेल्या दिवशी फोनवर बोलतात. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकेखेरीज ज्याने कोणासाठी काही लिहिलेच नाही, असा विद्यार्थी येथून बाहेर पडावा, ही गोष्ट आम्हांला काळजीची वाटते. लिहिण्याचा हक्क मिळविण्यासाठी जेथे पिढ्या खर्ची पडल्या, तेथे लिहिण्याची सवय एका पिढीत सुटू नये.

लिहावे कसे, जपावे कसे

सुबकपणा पैशांवर अवलंबून नाही. ५० पैशांच्या कार्डावरही चारही बाजूंना समास सोडता येतो, ओळी सरळ राखता येतात, पत्ता ठळक लिहिता येतो. शाईचे पेन वापरणार असल्यास कागद किंचित जाड घ्यावा. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७०-८० ग्रॅमचा असतो, त्यावर शाई मागे उमटते. १०० ग्रॅमच्या पुढचा कागद बरा. दिनांक व गाव न चुकता लिहावे. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला त्याचीच सर्वांत अधिक गरज लागते. मजकुरात अलंकारांपेक्षा एखादी खरी आठवण असावी : कोणत्या वर्षी, कोणत्या प्रसंगी, समोरच्याने काय केले. पत्त्यात पिनकोड विसरू नये. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही सहा अंकी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

जुनी पत्रे जपताना चार गोष्टी टाळाव्यात. लॅमिनेशन करू नये. उष्णतेने व प्लॅस्टिकने कागदाची हानी होते आणि ते पुन्हा काढता येत नाही. चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरे खातो. टाचणी किंवा लोखंडी क्लिप ठेवू नये; ती गंजते. आणि रबरबँडने गठ्ठा बांधू नये. तो वितळून कागदाला चिकटतो. पत्रे घड्या उलगडून, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, ओल व उजेड लागणार नाही अशा पेटीत ठेवावीत. कोणाचे, कोणास, कधी, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने नोंदवावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवल्यास मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमच्या दोन विनंत्या आहेत. वसतिगृहाच्या दिवसांतील घरची पत्रे आपल्याजवळ असतील, तर त्यांची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयास द्यावी; मूळ पत्र घरीच राहू द्यावे. दुसरी विनंती अशी की, येत्या बुद्धपौर्णिमेपूर्वी एक कार्ड स्वहस्ते लिहून टपालात टाकावे. ते आपल्या एखाद्या वृद्ध शिक्षकांना लिहावे, भोजनगृहात पहाटे उठून भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना लिहावे, किंवा आज त्याच वसतिगृहात राहणाऱ्या, ज्याच्या नावाने अद्याप एकही पत्र आलेले नाही अशा मुलाला लिहावे. मायना कोणता घालावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.